बदामाच्या आकाराचे लाडू

नल्लकुंटा, हैदराबाद
१८ जानेवारी २०२६, रविवार

चि. सौ. योगिनीस,

अनेक आशीर्वाद. तू आणि सुधीर पुण्यात खुशाल असाल असं धरून चालते.

इकडे थंडी बरीच आहे. तुझ्या मामंजींचा गुडघा कुरकुरतो, तरी हिमायतनगरपर्यंत पायी जाऊन यायचा हट्ट सुटलेला नाही. संक्रांतीला समोरच्या घरातून डबाभर सकिनालु आले, त्यांच्या त्या तीळ घातलेल्या तांदळाच्या चकल्या. मी यंदा तिळगूळ केला नाही. ह्यांनी विचारलं, तर हात दुखतो म्हणून सांगितलं. हात दुखत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं सुधीर म्हणेल. फोनवर तू 'बरी आहे' म्हणतेस, मी 'बरं' म्हणते आणि बोलणं संपतं. तुझी शाळा इथली तेलुगू, मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं काढलंय. सावकाश वाच.

बुधवारी सुधीर बोलता बोलता म्हणाला, की तुमच्या घराजवळच्या बालवाडीनं तुला शिकवायला बोलावलं होतं आणि तू नाही म्हणालीस. 'लेकरांच्या खाण्यापिण्याची जबाबदारी मला नको' म्हणालीस म्हणे. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

गेल्या फेब्रुवारीचं लिहायचं आहे. तुझ्या इथल्या बालवाडीत व्हॅलेंटाइन करायचं ठरलं, तेव्हा मी तुला चिडवलं होतं, की ज्यांना अजून नाक पुसता येत नाही त्यांना कसला व्हॅलेंटाइन. तू हसून म्हणालीस, "आई, सगळ्यांनी एकमेकांना खाऊ द्यायचा, एवढंच." तुझ्या वर्गातल्या युवराजला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. कुणाचाही वाढदिवस असला की ते लेकरू बाजूच्या खुर्चीवर बसून स्वतःचा डबा खायचं. एकदा तरी त्यानं सगळ्यांबरोबर, सगळ्यांचंच खावं, हा तुझा ध्यास. त्याच्या आईला, श्रुतीला, तू शब्द दिलास की खाऊ माझ्या घरी होईल, काळजी करू नका.

डाळ्याचं पीठ, गूळ, तूप आणि रंगाला बीट. मिक्सरचं भांडंसुद्धा नवं आणलंस. साचा बदामाच्या आकाराचा होता. आकार बदामाचा आणि आत एक बदाम नाही, म्हणून मी पुन्हा तुझी चेष्टा केली.

गुरुवार होता, तुझा उपवास. सकाळच्या साबुदाण्याच्या खिचडीसाठी मी दाण्याचं कूट केलं होतं, त्यातलं वाटीभर उरलं होतं. दुपारी तू लाल कागद आणायला नारायणगुड्याला गेलीस आणि लाडू वळायचं माझ्यावर सोपवलंस. मिश्रण कोरडं झालं होतं, साच्यातून काढताना फुटत होतं. चाखलं तर चव नाही. तू काही चाखणार नव्हतीस.

इथवर लिहून उठले होते. ह्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी घेतला नाही.

योगिनी, त्यात मी कूट घातलं. दोन मुठी.

विसरून नव्हे. तू तीनदा बजावलेलं माझ्या लक्षात होतं. पण मनात म्हटलं, आमच्या तीन पिढ्या दाण्यावर पोसल्या, कुणाला काही झालं नाही. ही आताच्या आयांची थेरं. आणि खरं सांगायचं तर, योगिनी मॅडमच्या सासूनं केलेले लाडू म्हणून सगळे खाणार होते, ते बेचव निघायला नको होते. कुटाला तेल सुटलं, लाडू झकास झाले. तू येऊन नुसते बघूनच म्हणालीस, "तुमच्या हाताचं काही वेगळंच आहे, आई." मी ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी युवराजचे ओठ सुजले, श्वास कोंडला. तू त्याला उचलून ऑटोत घातलंस आणि दवाखाना गाठलास. इंजेक्शन दिलं म्हणून वाचला. घरी आलीस तेव्हा तुझ्या पदरावर त्याची ओकारी होती. तू साडीही बदलली नाहीस. स्वयंपाकघरात बसून ते नवं भांडं हुंगत राहिलीस आणि म्हणालीस, "आई, खिचडीच्या कुटातला चमचा माझ्याकडूनच ह्यात गेला असेल का?"

मी म्हणाले, "असेल बाई. घाईत होतं असं."

कूट घातलं तो माझा अडाणीपणा. पण ह्या उत्तराला अडाणीपणा म्हणता येत नाही. सोमवारी श्रुती बालवाडीच्या गेटवर तुला नाही नाही ते बोलली. तू मान खाली घालून उभी होतीस, आणि मी तुझी पिशवी धरून शेजारी. आठवड्यात तू नोकरी सोडलीस. सुधीरची बदली झाली तेव्हा मी सुटल्यासारखी झाले, हेही लिहून टाकते.

काल श्रुतीकडे गेले. दार युवराजनं उघडलं, चांगला उंच झालाय. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "काकू, गेटवर मी मॅडमना बोलत होते, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हौ," म्हणाले.

"मग इतके दिवस काय करत होत्या तुम्ही?"

तिनं तुझा नंबर मागितला. तुला विचारल्याशिवाय दिला नाही. बालवाडीच्या मोठ्या मॅडमना सगळं लिहून, सही करून दिलंय. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते कालपासून माझ्याशी बोललेले नाहीत. हे पत्र तुझं वाचून झालं की सुधीरला दे.

'मला माफ कर' असं दोनदा लिहिलं आणि खोडलं. मागितली तर माझ्या वयाकडे बघून तू माफी देशील, आणि मग तुझा राग तुलाच गिळावा लागेल. म्हणून मागत नाही. खुशाल रागाव, माझा फोन उचलू नकोस. पण त्या बालवाडीला हो म्हण. त्या लेकराला तुझ्यामुळे काही झालेलं नव्हतं. तूच त्याला वेळेत नेलंस.

तुझी सासू,
त्रिवेणी