नायट्रोजनची स्टेपनी

३ मार्च
आजपासून गाडीत साधी हवा बंद. चारही टायरमध्ये नायट्रोजन भरून घेतला. टायरवाल्याने व्हॉल्व्हवर हिरवी टोपणं बसवून दिली, वर स्टेपनीसाठी एक फुकट. नायट्रोजनने टायर थंड राहतात, उतरत नाहीत, मायलेज वाढतं. फरक लगेच जाणवला. गाडी तरंगत होती. बायको म्हणाली, रस्ता नवीन केलाय.

४ मार्च
जेवताना लेक म्हणाली, साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. मी विचारलं, मग उरलेल्या बावीस टक्क्यांची जबाबदारी कोण घेणार? तिने पुढचा घास घेतला. म्हणजे पटलं.
तिला लांब नोकरी लागलीय. २१ तारखेला विमान. सोडायला मी जाणार. शाळेची सहल असो, परीक्षा असो, आजवर तिची ने-आण मामानेच केली. मेव्हण्याची गाडी खटारा, पण माणूस वेळेवर हजर. या वेळी मात्र मीच. विमानतळाच्या दाराशी तिला चार शब्द सांगायचे आहेत.

९ मार्च
निश्चय: स्टेपनीतही नायट्रोजन. अर्धवट काम मला खपत नाही. टायरवाला आधी जुनी हवा काढतो, त्यात वेळ जातो. म्हणून तेवढं घरीच उरकलं. स्टेपनी पूर्ण रिकामी. उद्या भरून आणतो.

१० मार्च
कंटाळा. उद्या.

१४ मार्च
टायरवाल्याचं नायट्रोजनचं यंत्र बिघडलंय. तोवर साधी भरून देऊ का, म्हणाला. मी नुसता हसलो.

१८ मार्च
यंत्र बंदच. मागचं डावं चाक जरा बसल्यासारखं दिसतंय. ही म्हणाली, पंपावर फुकट हवा मिळते, मारून घ्या. म्हणजे दुधात पाणी घालायचं? शिवाय नायट्रोजन उतरत नाही. तेव्हा चाक बसलेलं नसून तिथली जमीनच खोलगट असणार. गाडी दुसरीकडे लावून पाहिली. तिथलीही जमीन खोलगट निघाली.

२० मार्च
मेव्हण्याचा फोन. सामान जास्त असेल तर मीही गाडी घेऊन येतो, म्हणाला. मी सांगितलं, गरज नाही, स्टेपनीसकट सगळी तयारी आहे. खोटं नाही. स्टेपनी डिकीतच आहे.
चार शब्द पाठ झाले. 'तू गेल्यावर घर खायला उठेल, आणि मला ते झेपेल असं वाटत नाही.' जरा हळवं झालंय. गर्दीत खपून जाईल.

२१ मार्च, दुपार
वाटेत पंप लागत होते. प्रत्येक पंपाशी लेक माझ्याकडे बघायची. मी समोर बघायचो. शेवटचा पंप मागे पडला आणि डावं चाक पार जमिनीला टेकलं.
बॅगा उतरवून स्टेपनी बाहेर काढली. लेकीने अंगठ्याने दाबून पाहिली. मग आईकडे पाहिलं. ही काहीच बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिचं न बोलणं मला स्वच्छ ऐकू येतं.
हिने भावाला फोन लावला. तो मागच्याच चौकात होता. सहज आलो होतो, म्हणाला. पायाने मारायचा पंप माझ्या हातात देऊन त्याने बॅगा चढवल्या. ही पण त्याच्याच गाडीत बसली.
लेकीने काच खाली केली. चार शब्दांची वेळ हीच होती. मी म्हटलं, मामाला टायरची हवा बघून घ्यायला सांग.

२१ मार्च, संध्याकाळ
पाय मोडेस्तोवर पंप मारला. सगळी साधी हवा. स्टेपनी लावून घरी आलो. गाडी अगदी पहिल्यासारखीच चालली. तिच्या खोलीचा दिवा चालू राहिला होता. बंद करायला गेलो आणि तसाच ठेवून आलो.

२२ मार्च
लेक सुखरूप पोहोचली. फोनवर पहिला प्रश्न, हवा भरली का बाबा? म्हटलं, भरली. कसली, म्हणाली. म्हटलं, साधी. ती हसली नाही. तेव्हा धीर करून सुरुवात केली, तू गेल्यावर... ती म्हणाली, कळलं बाबा. जेवलात का?
फोन ठेवून खाली गेलो. खिशातलं पाचवं हिरवं टोपण स्टेपनीला बसवलं. आत काय आहे ते लोकांना थोडंच दिसतंय.