मागच्या दाराशी बादली

आई, मी प्रेतांना हात लावून घरी यायचे, तेव्हा तू गंगापूर रोडच्या घरी मागच्या दाराशी बादली भरून ठेवायचीस. "आधी डोक्यावरून पाणी घे, मग माझ्या ओट्याजवळ ये." ओल्या केसांनी आत आले की गरम भाकरी ताटात पडायची. एकदा भाकरी थापताना विचारलंस, "त्यांच्या घरच्यांना काय सांगतेस गं?" मी म्हटलं, "रिपोर्ट पोलिसांकडे जातो." तव्यावरची नजर न काढता म्हणालीस, "मग घरच्यांनी काय पोलिसांच्या गळ्यात पडून रडायचं?"

आता मी प्रेतांना हात लावत नाही. पोट उघडण्याआधी त्यांचा सीटी स्कॅन होतो, तो पडद्यावर वाचते. आज निफाडकडची एक म्हातारी समोर आहे. सून दोन दिवस माहेरी, देवळ्याला गेलेली. परतली तर बंद खोलीत सासू गेलेली, पोट टम्म फुगलेलं. शेजारी म्हणतात, निघताना सुनेनं लाथ घातली असणार. स्कॅनमध्ये आतड्याबाहेर हवा दिसते. ताज्या प्रेतात तशी दिसली तर आतडं फुटल्याची शंका पहिली. पण ही हवा यकृताच्या शिरांत आहे, हृदयात आहे, डोक्यातसुद्धा. उन्हाळ्यात देह पडून राहिला की कुजताना वायू असा सगळीकडे भरतो. तरी नुसत्या चित्रावर कुणाला मोकळं करायचं नसतं. सहकाऱ्यानं पोट उघडून पाहिलं: आतडं अखंड, मार कुठेच नाही, हृदयाची रक्तवाहिनी बंद झालेली.

रिपोर्ट वाचून फौजदारांनी सुनेला आत बोलावलं. "मॅडम, तुम्हीच सांगा." मी सांगितलं, मार लागलेला नाही, पोट मेल्यानंतर फुगलं. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मारलं नाय, ते मला ठाऊकच हाय. जाताना लय तरास झाला का त्यांना, तेवढं सांगा."

ते स्कॅनमध्ये दिसत नाही. खरं उत्तर एवढंच होतं, ते दिलं. मग तुझा तवा आठवला, आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. "भांडायच्या लय," म्हणाली, "पण माहेरी निघाले की पिशवीत द्राक्षं त्याच भरायच्या."

हे पाठवायला तुझा पत्ता कुठाय? एक मात्र सांगते. अंघोळीचं कारण आता उरलेलं नाही. तरी रोज सकाळी निघताना बादली मीच भरून ठेवते, आणि संध्याकाळी ती भरलेली दिसली की कुणीतरी वाट बघत होतं असं वाटतं.