जित्त्या बहिणीच्या नावाची आंघोळ

दि. १६ डिसेंबर २०२४
रिसोड

चि. सौ. देवला हिस,

रंगूचा आशीर्वाद. आमी इकडं बरे आहो. सेवालाल बरे असतीन, लेकरंबाळं बरी असतीन. किती हायेत ते माहीत नाही, म्हणून नावं लिहिली नाही. तूर चांगली हाय. थंडी लय पडून राह्यली. माहे गुडघे गेले, दात त पहिलेच गेले. जीभ तेवढी शाबूत हाय.

तुहा पत्ता माहीत नाही. पाकिटावर 'देवला सेवालाल, बांगड्यावाली, पोहरादेवी' एवढंच लिहिलं. पोस्टमन शोधन.

अक्षर वाकडं दिसन. चवथीपर्यंतचीच शाळा. नात निकिताकून लिहून घेतलं असतं, पण हे तिले सांगाचं नाही.

शेताचं तुले कोणं सांगितलं नसन. बुवा गेल्यावर बापाचं सहा एकर मारोतराव दादानं एकट्यानंच वाहून खाल्लं, मले दाणा नाही. म्या केस टाकली. अकरा वर्षं झाली. पहिले दादाचा निरोप आला, दरसाली साडीचोळी घे अन् केस मागं घे. म्या म्हटलं, साडी तुह्या बायकोलेच नेसव. मंग पन्नास हजार म्हणे. तेवढे त माह्या वकिलानं तीन वर्षांतच खाल्ले होते. तारखेले जाऊन जाऊन बकऱ्या गेल्या, गळ्यातली एकदाणी गेली. आखरीले दादा दीड एकरावर आला, नाल्याकडचं. मीबी थकली होती. हो म्हटलं. वकील म्हणे, आजी, लोक अदालतीत समजोता झाला त कोर्ट फी बी वापस भेटते.

शनिवारी सही होती. समोर जज मॅडम, आपल्या निकिताहून चार-सहा वर्षांनी मोठी असन. कागद वाचता वाचता थांबली.

"आजी, तुमची लहान बहीण देवला इथं मयत लिहिली आहे. कशानं वारली?"

अकरा वर्षांत हे कोणी इचारलं नव्हतं. दादा पटकन म्हणे, "तापानं, साहेब. लय जुनी गोष्ट हाय."

"मी आजींना विचारलं."

अन् देवले, माह्या तोंडातून निघालं, "औंदा चैतात त ती पोहरादेवीले बांगड्या भरून राह्यली होती."

कसं निघालं, देवाशपथ मले समजलं नाही. मी त तापानंच म्हणाले गेली होती. वकिलाचा पेन खाली पडला. दादा बाकावर बसला तो उठेचना. म्हणे, "रंगे, दीड एकर होतं वं हातात! काय केलं हे?"

म्या म्हटलं, "मले काय इचारतं? मीच सोताले इचारून राह्यली."

तू म्हणशील, मयत लिहिलं कोणं? दादानं. बुवा गेल्यावर वारसांची नावं लिहाले तलाठी आला, तवा लिहून देलं. गावातला नानाजी गवाह होता. म्हणे, बापानं पोरीच्या नावाची आंघोळ केली, साऱ्या गावानं पाह्यली, मंग मेलीच की.

दादानं लिहून देलं हे खरं. पण मी बाजूलेच बसली होती. दादा म्हणे, तिघांत कायले वाटाचं, दोघांतच करू. मले तीन एकर दिसलं. म्या सही केली. अंगठा नाही, सही. तुह्या वाट्यावर टपली, अन् माहाच गेला. आता हास.

अन् त्या आंघोळीचं पाणी. तू सेवालालसंग पळून गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी. ते विहिरीतून मीच शेंदलं. बुवानं दोन घागरी सांगितल्या होत्या. म्या तीन आणल्या.

चैतात तुह्या दुकानासमोर मी निकिताचा हात धरून उभी होती. तू तिले डझनभर हिरव्या भरल्या अन् पैसे राहू द्या म्हणाली. मान वर नाही केली. तवाच समजलं, तू मले वयखलं. म्या तोंडावर पदर वढला अन् चालती झाली. मेलेल्या बाईनं नातीले फुकट बांगड्या भरल्या, हे आठ महिने नरड्यात अटकून होतं. तेच निघालं असन.

माफी मागून नाही राह्यली. माफीनं सातबारा बदलत नाही. वकील म्हणते, देवलाबाई आल्या त तीन वाटे पडतीन, दोन-दोन एकर. मंजे माह्या दीडाचे दोन होतीन. त्याच्यासाठी बोलावून राह्यली असं समजशील त समज. नाही आली त केस अजून धा वर्षं चालन, अन् मी एकाहत्तरची हाय. खोटं लिहून देलं म्हणून मलेबी पुसतीन. ते मी पाहून घेईन.

मॅडमनं समजोता थांबवला अन् तुले हजर करा म्हणून तारीख देली: मंगळवार, २१ जानेवारी, अकरा वाजता, रिसोडच्या कोर्टात. आधार कार्ड आण. बायांले एसटी अर्ध्या तिकिटात हाय. वाटा घे, का दादाले सोडून दे, का मले भर कोर्टात शिव्या दे. पण त्या मॅडमसमोर एकडाव उभी राह्य.

मी सकाळी आठपासून स्टँडवर राहीन. यावक्ती पदर वढणार नाही.

तुह्या मरणावर सही करणारी,
तुही मोठी बहीण,
रंगू