मामाला शिकवलेलं जठर

वसतिगृह, ४ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या सर्जरीच्या सरांचं म्हणणं असं, की जो धडा घरच्या माणसाला साध्या भाषेत पत्रातून समजावता येत नाही, तो तुम्हाला आलेलाच नाही. आईला रक्ताचं नाव काढलं तरी घेरी येते, म्हणून बळीचा बकरा तू.

आजचा धडा जठर. ही पिशवी डाव्या बरगड्यांच्या आडोशाला असते. रिकामी असली की मुठीएवढी, पण घास गिळताच आपण होऊन सैल पडते आणि दीड लिटर माल बिनतक्रार मावतो. आतलं आम्ल मांस विरघळवेल असं जहाल. तरी पिशवी स्वतःला पचवत नाही, कारण तिला आतून बुळबुळीत अस्तर असतं. उजव्या टोकाला एक दार आहे. अन्नाचा पातळ लगदा झाला, की ते दार तो थोडा थोडा पुढे आतड्यात सोडतं. चार तासांत पिशवी रिकामी.

समजलं का ते खरं खरं कळव. आईला वेगळं पत्र लिहायला वेळ नाही, हे तिला सांगू नकोस.

तुझी,
ठकू

*

दुकान, १२ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

धडा समजला. अस्तराचं तर मला तू शिकवायलाच नको, जन्म गेला त्यात. पण चार तासांचा हिशेब तुझ्या पुस्तकातल्या माणसाचा असेल, माझा नाही. काल दुपारी खाल्लेले मटार आज सकाळी उलटीतून जसेच्या तसे परत आले. तुझी आई म्हणते पित्त. पण हिरवं-पिवळं पाणी काही दिसलं नाही, नुसते मटार. तीन महिने गोळ्या चघळतोय, त्यांनी जळजळ थांबते. चार घासांत पोट तट्ट होतं, एवढंच.

बाकी मजेत. हल्ली कापड मात्र फसवं येतं. माझ्या दोन्ही पँटी धुतल्यावर सैल पडल्या. एप्रिलमध्ये कंबर दीड इंच आत घेतली, मेमध्ये आणखी एक. कापडवाल्याला चांगला फैलावर घेतला. तो म्हणतो, त्याच ताग्यातल्या बाकी कुणाची तक्रार नाही. आता बोल!

अभ्यास कर, जागरणं करू नकोस.

तुझा,
मामा

*

वसतिगृह, १५ जून

ती. मामास,
शि. सा. न.

पत्र मिळेल त्या दिवशी दुकान बंद कर आणि इकडे ये. कापड सैल पडलेलं नाही, तू वाळला आहेस. गावभरच्या कंबरा मोजतोस आणि स्वतःची अडीच इंच गेली तर कापडवाल्याशी भांडतोस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

चार घासांत भरणारं पोट, कालचं न पचलेलं अन्न आणि त्यात पित्ताचा थेंब नाही, याचा अर्थ ते दार बंद होत आलं आहे. जुन्या व्रणाने झालं असेल, नाहीतर गाठीने. गोळ्यांनी दोन्हीची जळजळ शमते, माणूस फसतो तो तिथेच. इथे तोंडावाटे दुर्बीण घालून बघतात आणि कणभर तुकडा काढून तपासतात. शितावरून भाताची परीक्षा. मला भीती वाटते आहे, लिहूनच टाकते.

वाट बघते.
ठकू

*

घर, २ ऑगस्ट

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

टाके निघाले. खाल्लेलं पोटात राहतं. तुझी आई येईल-जाईल त्याला सांगते, की व्रण होता, तेवढा भाग कापून काढला, आता सगळं साफ. सांगताना माझ्याकडे बघत नाही. लहानपणी माझी पाटी फोडून मांजरावर ढकललं होतं, तेव्हाही अशीच बघत नव्हती. तुझ्या सरांना विचारलं, तर म्हणाले, घरच्यांशी बोललोय.

मी चाळीस वर्षं शिवतोय. फाटका भाग काढून जोड देणं वेगळं, आणि फाटकं तसंच ठेवून बाजूने नवं तोंड काढणं वेगळं. माझ्यात यातलं काय केलं? दुकान ठेवायचं की कुणाच्या हाती द्यायचं, ते मला ठरवायचंय. जठराचे धडे मला तूच लिहितेस, तर हाही लिही.

उत्तर लवकर यावं.
मामा

*

वसतिगृह, ७ ऑगस्ट

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तीन कागद फाडले. आईने घातलेली शपथ आज मोडते आहे.

ऑपरेशनच्या वेळी सरांनी मला कोपऱ्यात उभं राहू दिलं होतं. दारापाशी गाठ होती, कर्करोगाची. ती मागे स्वादुपिंडाला चिकटली होती आणि यकृतावर तिचे पांढरे ठिपके दिसत होते. इतकी पसरलेली गाठ काढून उपयोग नसतो, म्हणून सरांनी ती काढली नाही. पुढच्या आतड्याचा एक वेढा उचलून जठराला जोडला. अन्न आता त्या नव्या वाटेने जातं, म्हणून तुला जेवण जातंय. तुझा दुसरा अंदाज बरोबर होता. किती दिवस, ते नेमकं कुणालाच सांगता येत नाही. सर म्हणाले, महिने, वर्षं नव्हेत. औषधांनी थोडे वाढू शकतील. त्यासाठी ये, मी तुझ्याबरोबर बसेन.

जिवंत माणसाचं जठर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि ते तुझं होतं. पुढचं पाहिलंच नाही, भिंतीकडे तोंड करून रडले. काही समजलं नसेल तर पुन्हा विचार.

तुझीच,
ठकू

*

दुकान, १२ ऑगस्ट

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, सगळं समजलं. रात्रभर तुझ्यावर रागावलो होतो, सकाळी राग गेला. दुकान माझ्या कारागीर बाईंच्या हाती देतोय. काजं त्या माझ्यापेक्षा चांगली करतात, हे त्यांना इतकी वर्षं कधी बोललो नव्हतो, काल बोललो. सोमवारी औषधांचं विचारायला येतो.

एक काम कर. मला कळलंय हे तुझ्या आईला कळू देऊ नकोस. ती रोज सकाळी समोर बसते आणि मी कसा सुधारतोय ते मला सांगते. त्या सांगण्यावरच ती उभी आहे. काल पुढच्या उन्हाळ्यातल्या सहलीचं काढलं. मी म्हटलं, माझी जागा खिडकीशी ठेव.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
मामा