पंखावरची हळद

१४ सप्टेंबर, रविवार
ग्लायडरच्या पंखांवरचा जुना जेलकोट, तो वरचा जाड पांढरा थर, निघाला एकदाचा. डाव्या पंखाचं टोक तेवढं उरलं होतं, ते आज घासून काढलं. नाकात, भुवयांत पांढरी पूड. आई म्हणाली, पिठाच्या गिरणीतून आलीस का.
पिंपळगावला बाळासाहेबांच्या शेडमध्ये आज कांदा भरणं चालू होतं. येणारा प्रत्येक टेम्पोवाला थांबून विचारतो, हे उडतं का. उडतं बाबा. इंजिन नाही तरी उडतं. दोरीने वर ओढायचं, सोडून द्यायचं, मग गरम हवा शोधत फिरायचं. एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग पडत नाही का.
ग्लायडरला बसायची जागा एक, मालक दोन. बाबा आणि मी. आता उघड्या पंखावर काय चढवायचं? मी म्हणते पीयू. बाबा म्हणतात जेलच. संपलं, घरात दोन पक्ष.

१७ सप्टें.
कॉलेजात तास घेत असताना फळ्यावर चुकून पंखाचा छेद काढला. पोरं हसली.
पीयू म्हणजे बसला मारतात तो रंग. गनने मारला, वाळला, झालं. हलका. जानेवारीत धावपट्टीवर नेता येईल. जेल म्हणजे जाड थर, आणि तो मारून झाल्यावर खरं काम सुरू. घासा, ट्यूबलाइट धरून लाटा बघा, परत घासा. उन्हाळा उलटून जाईल. पण एकदा केला की माझं म्हातारपण येईपर्यंत बघायला नको. बाबांचं म्हणणं एवढंच: "रंग म्हणजे पावडर-लाली. जेल म्हणजे कातडी."
मी वजनाचा मुद्दा काढते, जेलला पडणाऱ्या भेगांचा काढते. खरा मुद्दा काढत नाही. बाबांचं उडायचं मेडिकल सर्टिफिकेट फेब्रुवारीपर्यंत आहे. डोळ्याच्या पडद्याचा त्रास गेल्या वर्षीपासून. "डॉक्टर म्हणाले ठीक आहे," हे तेच सांगतात, मला आत येऊ देत नाहीत. पुढच्या तपासणीत पास होतील असं मला वाटत नाही. जानेवारीत उडाले तर उडाले. नाहीतर मग

असो.

२१ सप्टें., रवि.
सलीमभाई येऊन गेले. सातपूरला बसबॉडी रंगवतात, हात सोन्यासारखा. पंखावर बोटं फिरवली. मग वर पत्र्याकडे बघितलं, खाली जमिनीकडे बघितलं. म्हणाले, "ताई, इथं पीयू मारला तर कांद्याचं साल येऊन चिकटणार, आन् ते तसंच राहणार. जेल असेल तर घासताना जाईल. पीयू पाहिजे तर शेड धुवा, प्लॅस्टिक लावा, मग बोलवा."
बाबा विजयी मुद्रेने चहा प्यायले. मी म्हटलं, लावते प्लॅस्टिक. सगळ्या शेडला लावते.
बाळासाहेब जाताजाता म्हणाले, "जानेवारीच्या मध्याला मला शेड लागंल बरं का ताई. द्राक्ष काय कोणासाठी थांबत नाय." म्हणजे जेल धरला तर अर्धवट पंख घेऊन कुठे फिरायचं? हा मुद्दा बाबांना लगेच सांगितला. ते म्हणाले, बघू. त्यांच्या या 'बघू'ने माझं डोकं उठतं.

२५ सप्टें.
जेवताना परत तेच. आई मध्येच म्हणाली, इतकं भांडताय तर छान अबोली रंग द्या. आम्ही दोघं एकदम: पांढराच! उन्हात दुसरा रंग तापतो, आतलं फायबर धरून ठेवणारी राळ मऊ पडते. त्या एका गोष्टीवर एकमत झालं आणि भाजी संपली.
बाबांना घाई नाही, हे मला खातंय. ज्याची वेळ जाते आहे तो निवांत, आणि मी इथे रात्रंदिवस कॅलेंडर बघते.

२८ सप्टें., रवि.
दोन्ही पंखांना प्रायमर मारून झाला. दुधासारखे दिसतात. प्लॅस्टिक निम्म्या शेडला लागलं. खांदे गेले.

१ ऑक्टो., खंडेनवमी
डोक्याला हात लावायची वेळ.
दरवर्षी आजच्या दिवशी आई शेडवर येते, पंखाला हळदीकुंकू लावते, झेंडूची माळ घालते. मग आम्ही फडक्याने पुसून टाकतो, चकचकीत पृष्ठभाग, डाग राहतच नाही. यंदा मी कॉलेजात हत्यारपूजेला अडकले. बाबांना तापाची कणकण, ते घरी. आई एकटीच रिक्षाने पिंपळगावला गेली आणि डाव्या पंखाच्या कोऱ्या प्रायमरवर ओल्या हळदीने तळहाताएवढं स्वस्तिक काढून आली. प्रायमर टिपकागदासारखा. प्यायला सगळी हळद.
मी ओरडले. आई शांतपणे म्हणाली, "इतकी वर्षं पुजलं तेव्हा चाललं. यंदाच कसं सोवळं झालं?" चूक माझी. तिला सांगायला हवं होतं, यंदा नको म्हणून. डोक्यातच आलं नाही.

२ ऑक्टो., दसरा
फोनवर सलीमभाई: पीयूचं पातळ औषध, ते थिनर, लागलं की हळद वर येणार. जेलखाली झाकली जाईल. घासून काढू म्हटलं तर तिथे खालचं काचेच्या धाग्यांचं कापड उघडं पडतं.
म्हणजे आता हळदसुद्धा बाबांच्या पक्षात. आपटा द्यायला गेले तर बाबा अंथरुणात हसत होते. मग म्हणाले, "हळदीच्या वशिल्याने नाही जिंकायचं मला. पंख उन्हात काढ. दोन उन्हं लागली की हळद उडते. मग ठरवू."
प्रामाणिक माणूस. म्हणूनच भांडता येत नाही नीट.

५ ऑक्टो.
ऊन कुठे आहे? ढग. प्रायमर भिजला तर पाणी पितो, बाहेर काढायची सोय नाही. पंख आतच.

९ ऑक्टो.
पाऊस. शेतकऱ्यांच्या छाटण्या अडकल्या, माझं ऊन अडकलं. बाबांचा ताप उतरला, अशक्तपणा आहे. रोज विचारतात, पंख बाहेर काढलास का. मी 'बघते' म्हणते. त्यांचंच औषध त्यांना.

१२ ऑक्टो., रवि.
बाबा आज शेडवर आले. किती दिवसांनी.
सरळ डाव्या पंखापाशी गेले. दार सताड उघडं, उजेड भरपूर. स्वस्तिक पिवळंधमक, जसं आईने काढलं तसं. पंख बाहेर निघालाच नाही हे मी सांगणार होते, तेवढ्यात ते म्हणाले, "गेलं की. म्हटलं होतं ना, उन्हापुढे हळद टिकत नाही."
मला वाटलं चेष्टा करताहेत. चेहरा बघितला. चेष्टा नव्हती. स्वस्तिकाकडेच बघत होते.
मी म्हटलं, "हो. गेलं."
मग त्यांनी पंखावरून हात फिरवायला सुरुवात केली. स्वस्तिकावरून गेला हात, पुढे गेला, थांबला. म्हणाले इथे खोल आहे. मी ट्यूबलाइट आडवी धरली. होतं खोल, नखाएवढं. मी त्या जागेवरून दहादा गेले असेन.
"आता सांग सलीमला. जेल."
मी विचारलं, का पण.
"तुला पुरेल."
एवढंच. मग बाळासाहेबांशी छाटणीच्या गप्पा मारत बसले. मी ग्लायडर न्यायच्या ट्रेलरच्या मागे जाऊन रडले. किती दिवस भांडत होते मी, आणि कोणासाठी? त्यांनी तर कधीच उतरवून ठेवलं होतं विमान.

१३ ऑक्टो.
झोप नाही. आईला स्वयंपाकघरात गाठलं, तुला माहीत होतं का. ती कणीक मळत राहिली. म्हणाली, चहात साखर दोनदा घालतात हल्ली, मी काही बोलत नाही. मग म्हणाली, "त्यांनी सांगेपर्यंत आपल्याला माहीत नाही." या घरात हे असंच चालतं.
जेल म्हटलं की त्यांना कळणार, मला कळलंय. पीयूचा हट्ट धरला तर जानेवारी अजून आहे असं दोघांनाही म्हणता येईल. धावपट्टीवर न्यायचं, त्यांना कॉकपिटमध्ये बसवायचं, आणि मग? पट्टे कोण बांधणार? मीच बांधणार ना?

१५ ऑक्टो.
लख्ख ऊन. मजूर बोलावून पंख बाहेर काढला, दोन घडवंच्यांवर आडवा. बाबा हट्टाने सोबत आले, टोपी घालून पंखाशेजारी खुर्ची टाकून बसले. मी विचारलं, हळद गेली म्हणता तर पंख बाहेर कशाला, असं विचारत नाही तुम्ही? ते म्हणाले, "विचारलं तर तुला उत्तर द्यावं लागेल."
दुपारपर्यंत स्वस्तिक फिकं झालं. चारच्या सुमाराला जेमतेम दिसत होतं, मला.
सलीमभाईंचा फोन. सामान घ्यायला निघालेत, कुठलं घेऊ म्हणतात. मी बाबांकडे पाहिलं. ते पंखावर हात ठेवून बसलेले, तोंड रस्त्याकडे, कान माझ्याकडे. म्हटलं, सलीमभाई, पाच मिनिटांनी करते.
तेव्हापासून फोन हातातच आहे. ऊन उतरलं. बाबांनी हात काढलेला नाही.