वऱ्हाडी डबा

खडकी, पुणे
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनी,

सप्रेम जय भीम. तुम्ही बऱ्या असाल असं धरून लिहिते. सुदर्शनभाऊ तुमचा पत्ता देत नाहीत, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती पाठवतेय.

इकडचं सांगायचं तर बाबा मे महिन्यात फॅक्टरीतून निवृत्त होतील, मग क्वार्टर सोडावं लागेल. आईचे गुडघे तसेच. मी बी.ए. झाले. घरातली पहिली पदवी म्हणून बाबांनी सगळ्या लाइनीत पेढे वाटले. शेवटचा पेढा दादाच्या फोटोपुढे ठेवला आणि तिथेच खाली बसले.

दादाचा वेबसाइटच्या नावांचा व्यवहार आता मी पाहते. पुढे कुणाला तरी लागेल असं नाव आधीच स्वस्तात नोंदवून ठेवायचं आणि गिऱ्हाईक आलं की विकायचं, हे मला कधी पटलं नव्हतं. न केलेल्या कामाचे पैसे कसले, म्हणून मी त्याच्याशी भांडायचे. तो हसायचा. त्याच्यामागे ती सगळी नावं मी सुदर्शनभाऊंमार्फत विकून टाकली. त्याचे दलालही तेच होते. एकच ठेवलं, वऱ्हाडी डबा डॉट कॉम. ते त्याने विकायला घेतलंच नव्हतं. लग्नानंतर तुम्ही त्याच्या शेजारी बसून ते निवडलंत, तेव्हा मी तिथेच अभ्यास करत होते. तुमच्या हातची पाटोडी सगळ्या पुण्याला खायला घालू, म्हणत होता.

गेल्या वर्षभरात त्या नावाला तीनदा मागणी आली. घेणारा कोण, हे या धंद्यात लपवतातच. कळलं की भाव चढतो. मला वाटलं, कुठली तरी मोठी हॉटेलवाली कंपनी. मी तिन्ही वेळा नकार कळवला, आणि शेवटच्या वेळी वर लिहिलं की मी माझ्या भावाच्या स्वप्नाचा बाजार मांडलेला नाही. सुदर्शनभाऊंनी ते वाचून चष्मा पुसला. एवढं लांब वाक्य पोचवायलाच हवं का, म्हणाले. पोचवा म्हटलं.

मंगळवारी त्यांनी मला येरवड्याला ऑफिसात बोलावलं. दादाने या नावासाठी लग्नानंतर भरलेल्या पैशांची मुदत संपली होती, आणि तशा सूचना त्याच्याच मेलवर जात होत्या. तो कुणी उघडत नाही. दोन दिवसांत नाव सुटणार होतं. मग जो आधी घेईल त्याचं. हे घेणाऱ्यानेच कळवलं होतं.

"नुसतं गप्प बसलं असतं तर फुकटात पदरात पडत होतं," सुदर्शनभाऊ म्हणाले. "असलं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मी पैसे भरले. कोण, ते विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती.

वहिनी, तुम्हीच निवडलेल्या नावासाठी तुम्हाला दलाल धरावा लागला. का, ते मला माहीत आहे. शकुन-अपशकुन मानायचे नाहीत, असं बाबांनी ज्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून आम्हाला शिकवलं, त्याच घरात दादाच्या अपघातानंतर आई तुम्हाला पांढऱ्या पायाची म्हणाली. बाबा ऐकत राहिले. मी, शिकणारी, तुमची पिशवी रिक्षात ठेवून आले.

काल आईला सगळं सांगितलं. तिने हातातला लसूण सोलून संपवला. मग म्हणाली, "देऊन टाक तिला." थोड्या वेळाने, "मालक म्हणून राकेशचं नाव असेल ना तिथं? ते जाईल?"

जाईल म्हटलं. मग तिने मोबाइलवर ते नाव दाखवायला सांगितलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. कुठली अक्षरं त्याची, ते विचारून त्यांवरून बोट फिरवलं. बोटाने स्क्रीन सरकली, तर ते नाव मी पुन्हा जागेवर आणून दिलं.

सोबतच्या चिठ्ठीवर नाव तुमच्याकडे घेण्याचा कोड आहे. पैसे पाठवू नका. मालक म्हणून माहेरचं आडनाव लावलंत तरी चालेल. दादालाही चाललं असतं.

घरी या, असं लिहायला घेतलं होतं. ते म्हणायचा हक्क आम्ही घालवला. डबा सुरू झाला की मी मागवीन, माझ्या नावाने, मेपर्यंत याच पत्त्यावर. नाही पाठवलात तरी समजेन.

तुमची, अजून म्हणू देत असाल तर, नणंद
चैताली