डॉल्फिन दिसले नाहीत तर

१६ नोव्हेंबर

आजही डॉल्फिन नाहीत! पुण्याची मंडळी होडीत बसून समुद्राकडे असं बघत होती, जशी एस.टी. चुकलीय. एक काका सारखे घड्याळ बघत होते. डॅनियल बिचारा इंजिन बंद करतो, चालू करतो — "आता येतील, आता येतील." घामाघूम. नवरा माझा होडी झकास हाकतो, पण चार माणसांपुढं बोलायचं म्हटलं की दातखीळ.

शेवटी मीच तोंड उघडलं. का, देव जाणे. म्हटलं, "डॉल्फिन झोपतात ना, ते अर्ध्याच मेंदूनं. एक अर्धा झोपलेला, दुसरा जागा. एक डोळा मिटलेला, एक उघडा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग काकांची बायको म्हणाली, "आमच्याकडे हे ऑफिसातनं आले की अगदी असंच!"

होडी हसून हलली. उतरताना कोणी कुरकुरलं नाही.

१७ नोव्हेंबर

डॅनियल म्हणतो, "उद्यापासून तू रोजच चल होडीत." माझी बी.एस्सी., झूलॉजी! माहेरी, रेडीला, बाबा सगळ्यांना सांगायचे, आमची डेलिशा शिक्षिका होणार. शिक्षकभरती निघता निघेना. लग्न होऊन देवबागला आले आणि पदवी कामाला लागली ती होडीत. असू दे. निदान वर्गातून कोणी पळून जाणार नाही — चहूकडे पाणी.

२१ नोव्हेंबर

आज ऑक्टोपस. तीन हृदयं, निळं रक्त, आणि पोहायला लागला की त्यातलं एक हृदय थांबतं, म्हणून तो आपला तळावर सरपटत जाणं पसंत करतो. कोल्हापूरचा एक गुबगुबीत तरुण बायकोला म्हणाला, "बघ! व्यायाम वाईटच."

घरी येऊन मांयला सांगितलं. मांय म्हणजे माझी सासू, ईडा. बांगडे साफ करत होती. मान वर न करता —

"तीन काळजां? तू मोजलंस?"

"शास्त्रज्ञांनी मोजलीत, मांय."

"आणि रगत निळा कित्या? शाई पिता तो?"

रक्तातल्या तांब्यामुळं, असं सांगायला लागले तर तिनं कोयता आपटला. "लोकांका फशिवतस गो तू. खोटा सांगून पोट भरूचा नाय. पाप लागता."

२६ नोव्हेंबर

घोटाळा झाला! एक नवीन जोडपं होतं, लग्नाला महिनाच झालेला. मी आपली रंगात येऊन सांगतेय — प्रवाळबेटांवरची पांढरीशुभ्र वाळू असते ना, ती बरीचशी पोपटमाशाची विष्ठा. तो प्रवाळ कुरतडतो, पचत नाही ते मागनं वाळू होऊन पडतं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग ती हळूच म्हणाली, "आम्ही मालदीवहून बाटली भरून आणलीय."

"बरं मग?"

"सासूबाईंनी देवघरात ठेवलीय."

किनाऱ्याला लागल्याबरोबर तिनं फोन लावला. मी ओरडून सांगितलं, "इथली वाळू तसली नाही हो! इथली दगडांची!" तरी चपला घालूनच चालत गेली.

३० नोव्हेंबर

शेजारच्या होडीचा बाबली आता माझी नक्कल करतो! त्याच्याकडे भोंगा आहे, दोन होड्यांपलीकडे ऐकू जातो. आज सांगत होता, "डॉल्फिनला पाच हृदयं असतात!" रक्त उसळलं माझं. उतरल्यावर गाठलंच त्याला. "बाबलीभाऊ, डॉल्फिनला एकच. आपल्यासारखं."

"वयनी, तुझ्या ऑक्टोपसाक तीन, माझ्या डॉल्फिनाक पाच. गिऱ्हाइकाक जास्ती व्हया मां?"



८ डिसेंबर

मांयनं फादरांकडे माझी तक्रार केली. खरंच केली! चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादरांनी आत बोलावलं. मला वाटलं, आता संपलं. डॅनियल बाहेर बुटांकडे बघत उभा.

फादरांनी दार लोटलं. खुर्ची पुढं ओढली.

"डेलिशा, तू होडीत सांगतेस म्हणे, शुक्राचं वर्ष आधी संपतं आणि त्याची स्वतःभोवतीची एक फेरी नंतर पुरी होते. हे खरं?"

"खरं, फादर. फारच सावकाश फिरतो तो."

फादर खिडकीबाहेर बघत बसले. "मग तिथं रविवार कधी येत असेल?"

मी म्हटलं, वर्षभर थांबूनही यायचा नाही. (खरं तर सूर्योदयाचा हिशेब जरा वेगळा आहे. पण फादरांना एवढं पुरे.) इतके विचारात पडले, की मी निघाले तेही कळलं नाही. मग मागनं धावत आले. मांय पायरीवर उभी होती, केस जिंकलेल्या पक्षकारासारखी. तिला म्हणाले, "ईडा, तुझी सून खरां सांगता."

मांय रस्ताभर माझ्या चार पावलं पुढं चालली. घरात पाऊल टाकल्यावर म्हणाली, "फादर पण फसलो."

१३ डिसेंबर

समुद्रघोड्यात नर गरोदर राहतो, हे सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. डॅनियलनं होडी उगीचच जोरात वळवली.

१९ डिसेंबर

वारा. होडी बंद. आमच्याकडे जेवायला सांगून ठेवलेली सांगलीची माणसं मात्र आली, अंगणात टेबलं लावली. त्यांतल्या एका बाईची तीन पोरं — एक माडावर चढतंय, एक मांजराच्या मागं, एक आमटीत हात घालतंय. बाई रडकुंडीला. तिला हसवावं म्हणून सांगितलं, "पोटात असताना बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. मूल जन्मून मोठं झालं तरी कित्येक वर्षं त्या आईच्या अंगात सापडतात. मेंदूतसुद्धा सापडल्यात."

"म्हणजे बाहेरून छळतात ते छळतात, आतूनही!" बाई ओरडली. सगळी टेबलं हसली.

स्वयंपाकघरात मांय नारळ खवत होती. खवणीचा आवाज थांबला. नंतर सोलकढी वाढायला ती आली नाही. मीच वाढली.

२० डिसेंबर

हे लिहू की नको.

बाप्तिस्त — डॅनियलचा थोरला भाऊ. मी त्याला फोटोतच पाहिलंय. माझ्या लग्नाआधी मासेमारीला गेला. होडी सापडली, तो नाही. सिमिट्रीत त्याची कबर नाही. घरात त्याचं नाव कोणी घेत नाही.

आज दुपारी मी कपडे वाळत घालत होते. मांय येऊन उभी राहिली. चिमटे एकेक करून माझ्या हातात देत होती. कधी देत नाही.

"ता कालचा. पोरांचा. खरां?"

"हो मांय."

"किती वर्सां रवता?"

"पुष्कळ. म्हाताऱ्या बायकांतही सापडलंय."

चिमटा तिच्या हातातच राहिला. "झील जितो नसलो तरी?"

होडीत इतकं बोलते, कधी जीभ अडखळली नव्हती. आज अडखळली. खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, "प्रत्येकीतच असतं असं छातीठोक नाही सांगता येत. पण पुष्कळ जणींत सापडलंय. मुलगा हयात नसला तरी."

तिनं दोरीवरचा सदरा उगीचच पुन्हा सारखा केला. मला वाटलं, आता म्हणेल फशिवतस. मीच म्हटलं, "फादरांना विचारूया का?"

"फादराक कित्या?" मांय म्हणाली. "तुका इचारलंय."

२२ डिसेंबर

सकाळी मांयनं आपणहून बी.पी.ची गोळी मागितली. डॉक्टर सांगून थकले होते, डॅनियल ओरडून थकला होता. बाप्तिस्त गेल्यापासून एक गोळी घेतली नव्हती — "कोणासाठी?" म्हणायची. आज पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर हात पसरला.

"दी गो. आमका दोगांका जगूचा आसा."